कंदवालीच्या चौकशा

डोंगराच्या अगदी पायथ्याशी एक गाव होतं. एरवी तिकडे कुणी फिरकत नसे, पण रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर बाजार भरायचा आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं पायवाटा धरून तिकडे चालू लागायची. बाजार तसा लहानसाच. पंचवीसएक टोपल्या, दोन-तीन बैलगाड्या, मडक्यांचा एक ढीग. पण त्याचा एक नियम होता. ज्यानं पिकवलं किंवा रानातून खणून आणलं, त्यानंच विकायला बसायचं. त्यामुळे वांगी कुणाच्या मळ्यातली आणि तूर कुणाच्या शेतातली, हे कुणाला विचारावं लागत नसे.

त्या गावात अनसाक्का नावाची एक बाई राहायची. पन्नाशी ओलांडलेली, एकटी, आणि नजरेनं मोठी तिखट. भेंडीचं टोक मोडून ती जून की कोवळी ते सांगायची. वांग्याचा देठ नुसता पाहून आतली कीड ओळखायची. बाजारात नवख्या सुना तिच्या मागे मागे फिरत. "अक्का, हा भोपळा घेऊ का?" अक्का भोपळ्यावर टिचकी मारायची आणि मान हलवायची. तिनं मान हलवली की सौदा झाला, आणि नाही हलवली की विकणारा गुपचूप तो भोपळा मागे सरकवायचा. 'मला ठाऊक नाही' हे शब्द तिच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते.

दिवाळी उलटून गेली, थंडी पडू लागली, आणि एका रविवारी बाजारात एक नवी बाई येऊन बसली. काळीसावळी, हडकुळी, केसात रानफूल. तिचं नाव बुधी. ती डोंगराच्या पार वरच्या पाड्यावरून आली होती. तिच्यापुढे एक टोपली होती, आणि टोपलीवर पळसाची पानं दाबून बसवलेली. ती ओरडून माल विकत नव्हती. कुणी जवळ आलं तरच पानं बाजूला करायची, आणि लगेच झाकायची.

अक्का समोरच्या गवारीच्या टोपलीपाशी उभी होती. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. 'उघड्या बाजारात माल झाकून कशाला ठेवायचा?'

तेवढ्यात वरच्या वाडीची एक म्हातारी बुधीपुढे बसली. बुधीनं पानं उचलली. आत मातकट रंगाचे, मुठीएवढे, अंगावर केसाळ मुळं असलेले कंद होते. असले कंद अक्कानं आयुष्यात पाहिले नव्हते. पण कंदांपेक्षा तिचं लक्ष बुधीच्या बोलण्याकडे गेलं.

"घरात कोण कोण आहे, आजी?" बुधी हळूच विचारत होती. "लहान पोर नाही ना? ओढा घरापासून किती लांब? उद्या सकाळी घरी कोण असेल?"

म्हातारीनं काहीतरी उत्तर दिलं. मग बुधी पुढे वाकली आणि तिच्या कानाशी लागून पुष्कळ वेळ बोलली. म्हातारी मान डोलावत होती. शेवटी तिनं कंद पदरात बांधले आणि डोंगराची वाट धरली.

थोड्या वेळानं एक गडी आला. "दे गं चार कंद," तो म्हणाला.

"तुम्हाला नको," बुधी म्हणाली. "घरच्या बाईमाणसाला पाठवा."

गडी हसून निघून गेला. अक्काला मात्र हसू आलं नाही. मागच्याच महिन्यात सुताराच्या परड्यातून तांब्याचं घंगाळ चोरीला गेलं होतं आणि ते कुणी नेलं ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. ते घंगाळ आता अक्काच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवते, घरात कोण असतं ते विचारते, घरामागचा ओढा विचारते. ही कसली विकणारी?

पुढच्या रविवारी अक्का गवारीपाशी मुद्दाम रेंगाळली. त्या दिवशी तिची शेजारीण गजरा बुधीकडे गेली. गजरा तरणी, हसरी, एका चार वर्षांच्या मुलीची आई. ती गेली तशी रिकाम्या हातानं परत आली.

"नाही दिला का गं?" अक्कानं विचारलं.

"नाही, अक्का. आधी विचारलं, घरी लहान पोर आहे का. मी म्हटलं, आहे, छबी आहे. मग विचारलं, दिवसभर तिच्यापाशी कोण असतं. मी म्हटलं, मी शेतावर असते, ती एकटीच खेळते अंगणात. तर म्हणाली, मग तुला नको. आणि टोपली झाकलीच की तिनं!"

"हं," अक्का म्हणाली. "आणि तू सगळं सांगून बसलीस."

"का, काय झालं?"

"काही नाही. रात्री दाराला अडसर नीट लाव."

एवढंच बोलून अक्का पुढे गेली. पण गजराच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं ते विहिरीवर सांगितलं. विहिरीवरून ते दळणाच्या जात्यापाशी गेलं. दुसऱ्या दिवशी अक्काकडे दोघी-तिघी आल्या. "अक्का, ती कंदवाली चोरांची माणूस आहे म्हणतात, खरं का?"

अक्कानं असं म्हटलं नव्हतं. पण आता तिला वाटलं, आपल्या मनात होतं तेच तर या बोलतायत. ती म्हणाली, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण घरात कोण आहे, ओढा कुठं आहे, सकाळी कोण असतं, एवढं जाणून घेऊन तिला करायचंय काय? कंदाला काय पाहुणचार लागतो?"

बायका हसल्या आणि ते वाक्य घेऊन गेल्या. कंदाला काय पाहुणचार लागतो! आठवडाभरात ते गावातल्या प्रत्येक चुलीपाशी पोचलं.

तिसऱ्या रविवारी बुधी आली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या टोपल्या थोड्या लांब सरकल्या होत्या. तिच्याकडे कुणी येईना. वरच्या वाडीची तेवढी दोन बाईमाणसं आली, त्यांनी कंद घेतले आणि ती घाईनं परत फिरली. बुधी इकडेतिकडे बघत राहिली. मग तिची नजर अक्कावर पडली. ती उठली आणि सरळ अक्कापुढे येऊन उभी राहिली.

"अक्का," ती म्हणाली, "तीन रविवार बघतेय. तुम्ही माझ्याकडं बघत उभ्या असता. काही विचारायचंय का मला?"

सगळ्या बाजाराचे कान तिकडे लागले. अक्काच्या ओठांवर प्रश्न आला होता. 'बाई गं, तू घरादाराची एवढी चौकशी का करतेस?' एवढं विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण अक्काला वाटलं, चोराला तू चोर का, असं विचारून कोण हो म्हणतं? आणि विचारून उत्तर साधं निघालं, तर आठवडाभर आपण जे बोललो त्याचं काय?

"मला काय विचारायचंय?" अक्का म्हणाली. "मी गवार बघतेय."

बुधी परत आपल्या जागेवर जाऊन बसली.

तेवढ्यात गावचा पाटील दोन माणसं घेऊन आला. कुणीतरी त्याचे कान भरलेच होते. "ए बाई, ऊठ," तो म्हणाला. "गावात घराघरांची टेहळणी करतेस होय? टोपलीत काय आहे?"

"कंद आहेत, पाटील."

"आणि खाली?"

"खालीपण कंदच."

पाटलाच्या माणसांनी टोपली उलटी केली. कंद मातीत गडगडले. खाली काही नव्हतं. पाटील जरा ओशाळला, पण एवढ्या लोकांदेखत मागे कसं फिरायचं? तो आणखीनच मोठ्यानं म्हणाला, "ते काही असो. तू पुन्हा या बाजारात दिसायचं नाहीस. चल, नीघ!"

"माझे कंद तेवढे भरू द्या," बुधी म्हणाली.

"नीघ म्हटलं ना!"

माणसांनी तिला माळाच्या कडेपर्यंत ढकलत नेलं. तिथून ती वळून ओरडू लागली. "ते खाऊ नका! तसेच खाऊ नका! पोरांच्या घशाला लागेल! पाण्यात... पाण्यात ठेवल्याबिगर..." पण लोकांचा एकच गलका उठला होता. "बघा, बघा, जाता जाता शाप देतेय!" कुणीतरी ढेकूळ फेकलं. बुधी डोंगराच्या वाटेला लागली.

अक्का कडेलाच उभी होती. तिला 'पाण्यात' हा शब्द स्वच्छ ऐकू आला होता. शाप देणारी बाई पाण्याचं कशाला बोलेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिनं ते मनातून झटकलं.

बाजार शांत झाला. कंद मातीत पडलेले होते. कुणी म्हणालं, फेकून द्या. कुणी म्हणालं, एवढे चांगले टपोरे, फेकायचे कशाला? आणि मग नेहमीसारखी सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली.

"अक्का, खाण्याजोगे आहेत का हो?"

अक्कानं एक कंद उचलला. नखानं साल खरवडली. आत पिवळसर पांढरा गर होता. वास घेतला. कच्च्या सुरणासारखाच काहीसा वास. तिला त्या कंदाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पण पंचवीस माणसं तिच्या मानेकडे बघत होती.

तिनं मान हलवली. "सुरणाच्या जातीचा दिसतोय. चिंच घालून शिजवा."

आठ-दहा घरांनी कंद वाटून घेतले. गजरानंही घेतले.

दुपारी गजरानं वाटीभर भाजी अक्काकडे पाठवली. अक्कानं दोन घास खाल्ले. चव बरी लागली. तिसरा घास घेणार तोच जिभेला बारीक सुया टोचल्यासारखं झालं. मग घसा जळू लागला. तिनं पाणी प्यायलं, गूळ खाल्ला, काही उपयोग होईना. जीभ सुजू लागली. इतक्यात शेजारून गजराची किंकाळी आली.

अक्का धावत गेली. छबी अंगणात ओकत होती. डोळे तारवटलेले, ओठ सुजलेले, मान धरवत नव्हती. गजराला स्वतःलाही उभं राहवत नव्हतं. गल्लीतल्या दुसऱ्या घरातूनही तसेच आवाज येत होते. वैदूबाबांना बोलावलं. त्यांनी छबीची नाडी पाहिली, उरलेला कंद हातात फिरवला आणि मान खाली घातली.

"हे काय आहे तेच मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "ठाऊक नसलेल्या विषावर उतारा कसा देऊ?"

पाटलाच्या घरीही दोघं आडवे पडले होते. तो संतापून आला. "बाईनं विषच आणलं होतं! माणसं पाठवतो, बांधून आणतो तिला!"

अक्का छबीकडे बघत होती. तिला आठवलं, याच पोरीचं नाव ऐकून बुधीनं गजराला कंद दिला नव्हता. विष द्यायला आलेली बाई परत का पाठवेल? वरच्या वाडीची माणसं तीन रविवार हेच कंद नेत होती. ती धडधाकट होती, पुन्हा पुन्हा येत होती. 

"माणसं पाठवू नका," ती सुजलेल्या जिभेनं कसंबसं म्हणाली. "मी जाते."

"एकटी? तिच्याकडे?" पाटील म्हणाला. "आणि तिनं तुझं काही बरंवाईट केलं तर?"

अक्का थांबली नाही. चढण उभी होती, पोटात ढवळत होतं, दोनदा ती वाटेत बसली. पाड्यावर पोचली तेव्हा ऊन कललं होतं. बुधी झोपडीपुढे वाळलेल्या पानांचे भारे बांधत होती. अक्काला पाहताच तिचा हात थांबला.

"आता काय राहिलं, अक्का?" ती म्हणाली. "टोपली तर ठेवून घेतलीत."

"खाल्ले," अक्का म्हणाली. "कंद खाल्ले लोकांनी."

बुधीच्या चेहऱ्यावरचा राग क्षणात उतरला. ती झटकन उठली. "किती घरांनी? लहान कोण आहे? म्हातारं कोण? ओकलं का सगळं, की पोटातच आहे? कुणी झोपलंय का?"

अक्का एकेक उत्तर देत गेली आणि देता देता तिला रडू फुटलं. बाजारात ज्या प्रश्नांनी तिच्या मनात शंका शिरली होती, तसेच प्रश्न ही बाई आत्ता विचारत होती.

"तो कडूकंद आहे, अक्का," बुधी घरात सामान शोधता शोधता सांगू लागली. "पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. सकाळी पुन्हा उकडायच्या. मग गोड लागतो, पोटभरीचा होतो. पण यातलं एक जरी चुकलं तर असं होतं. म्हणून मी विचारते, ओढा जवळ आहे का, सकाळी घरी कोण असेल. लहान पोर असलेल्या घरी देतच नाही. पोरं कच्चा तोंडात घालतात, टोपलीही म्हणूनच झाकून ठेवते. आणि गड्यांना देत नाही, ते घरी जाईतो निम्मं विसरतात. ज्याला देते त्याच्या कानात सांगते, आणि त्याच्याकडून तीनदा म्हणून घेते."

"मग हे मोठ्यानं का सांगितलं नाहीस गं?"

"मला कुणी विचारलंच नाही," बुधी म्हणाली. "ज्यानं घेतला त्याला सांगितलं. बाकीचे नुसते बघत होते."



बुधीनं आंबट ताकाची कासंडी, चिंचेचा गोळा आणि कसल्यातरी सालीची भुकटी बाहेर काढली. सालीची भुकटी पाहून अक्काच्या मनात पुन्हा काहीतरी हललं. सकाळी अंगावर ढेकूळ झेललेली बाई. तिनं सूड घ्यायचं ठरवलं तर यापेक्षा चांगली वेळ कुठली? अक्काला स्वतःचीच लाज वाटली, पण शंका काही जाईना. या वेळी मात्र तिनं ती मनात ठेवली नाही.

"बुधे," ती म्हणाली, "तोंडावर विचारते, राग मानू नको. मला तुझी भीती वाटतेय. ही भुकटी कसली आहे?"

 बुधीनं चिमूटभर भुकटी स्वतःच्या तोंडात टाकली आणि वाटीभर ताक करून अक्काच्या हातात दिलं. "रानातल्या झाडाची साल आहे. हिनं उलटी होते. पोटातला कंद बाहेर पडला की निम्मं काम झालं. तुम्हीच घ्या आधी. विचारलंत ते बरं केलंत."

अक्कानं ताक प्यायलं. दहा पावलांवर जाऊन ती भडभडून ओकली आणि तिच्या घशातली आग जराशी कमी झाली. मग दोघी उतारावरून जवळजवळ पळतच खाली आल्या.

गावात शिरताना पाटलाची माणसं आडवी आली. अक्का बुधीचा हात धरून त्यांच्यामधून चालत गेली. आधी छबी, मग बाकीची घरं. बुधी प्रत्येकाला ओकायला लावत होती, चिंचेचं पाणी पाजत होती, कुणाला डोळा लागू देत नव्हती. दिवेलागणीला छबीनं मान वर धरली आणि पाणी मागितलं. त्या दिवशी गावात कुणी दगावलं नाही.

बुधीनं कासंडी उचलली आणि ती पाड्याकडे निघून गेली.

पुढच्या रविवारी बाजार भरला तेव्हा अक्का मध्यभागी उभी राहिली. "कंद चांगला आहे असं मी सांगितलं," ती म्हणाली. "मला तो कंद ठाऊक नव्हता. आणि बुधीबद्दल जे बोलले तेही न विचारता बोलले. दोन्ही चुका माझ्या." काहींनी माना खाली घातल्या. काही मात्र आपसात कुजबुजले, "ही एकटीच वर गेली होती. बाईनं हिला काय पाजलं कोण जाणे!" अक्कानं ते ऐकलं. कुणीच तिला येऊन काही विचारलं नाही. भोपळे, वांगी घेतानाही आता तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

बुधी आली नाही. त्या रविवारी नाही, नंतरच्याही नाही. महिन्याभरानं अक्काला कळलं की ती डोंगरापलीकडच्या गावच्या बाजारात बसते. अक्का पहाटे निघाली आणि तीन कोस चालून तिथं पोचली. बुधी बाजाराच्या एका टोकाला बसली होती. टोपली भरलेली होती, आणि पुढे एकही गिऱ्हाईक नव्हतं.

अक्का तिच्याकडे निघणार तोच एका गूळवाल्यानं तिला हटकलं. "मावशी, तिकडे जाऊ नका. ती बाई घराघरांची चौकशी करते. डोंगराच्या त्या अंगाच्या गावातून हाकललीय तिला." आणि तो हसून पुढे म्हणाला, "मला सांगा, कंदाला काय पाहुणचार लागतो?"

अक्कानं ते ओळखलं. तिचंच वाक्य. शब्दही तेच. ती तीन कोस चालून यायच्या आधीच ते इथं येऊन बसलं होतं.

मग तिनं गूळवाल्याचं मनगट धरलं. तो "अहो, अहो" करत राहिला, पण ती त्याला ओढत सगळ्या बाजारातून बुधीच्या टोपलीपुढे घेऊन गेली.

"तुला जे वाटतंय ते हिला विचार," ती म्हणाली. "मला सांगू नको. हिला विचार."

गूळवाल्यानं इकडेतिकडे पाहिलं. लोक जमले होते. शेवटी त्यानं खाकरून विचारलं, "बाई, तू लोकांच्या घरची चौकशी का करतेस?"

बुधीनं एकदा अक्काकडे पाहिलं. मग तिनं पळसाची पानं बाजूला केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला सुरुवात केली. तिचं सांगून होईपर्यंत अक्कानं गूळवाल्याचं मनगट सोडलं नाही.

त्यानंतर कितीतरी रविवार अक्का वेगवेगळ्या बाजारांत हिंडली. जिथं जिथं ते वाक्य पोचलं होतं, तिथं तिथं ती गेली. काही ठिकाणी लोकांनी ऐकलं, काही ठिकाणी नाही. एका गावात ते वाक्य तिला म्हणून दाखवणारी म्हातारी म्हणाली की हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, आणि ते वाक्य यंदाचं, आपलंच आहे, हे अक्का तिला काही केल्या पटवू शकली नाही.

तात्पर्य: ज्याच्याबद्दल मनात शंका आली, त्यालाच ती आधी विचारावी. बाकीच्यांना सांगत सुटलं, तर पुढे ती आपल्यालाही परत बोलावता येत नाही.